आधी बघ, मग नाकार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. अटलांटात एकटं राहायचं, डेटिंग ॲपवर कुणी उत्तर देत नाही, आणि एकीने तर प्रोफाइलवर सरळ लिहिलंय, भारतीय मुलांनी मेसेज करू नये. झोंबणारच. पण त्याच पत्रात खाली तू सहज लिहून गेलास की कुठल्या वंशाच्या मुली दाखवायच्या त्या यादीत तू स्वतः 'ब्लॅक'वरची खूण काढून ठेवलीयस, 'कारण ती फक्त आवड आहे'. तिने केला की भेदभाव आणि तू केलीस की आवड? वा रे वा!

कायद्याचं विचारलंस. अमेरिकेचा १९६४चा नागरी हक्क कायदा नोकरी, हॉटेलं वगैरेंसाठी आहे. कुणी कुणाबरोबर कॉफी प्यावी यात तो पडत नाही, पडूही नये. पण तू राहतोस त्या जॉर्जिया राज्याचा १९२७चा कायदा जरूर वाच. गोऱ्या माणसाने फक्त गोऱ्याशीच लग्न करायचं, आणि 'गोरा' कोण नाही त्या यादीत भारतीय रक्ताचाही उल्लेख होता. म्हणजे तूही! १९६७मध्ये लव्हिंग नावाच्या जोडप्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे मोडीत काढले. सरकारने सोडलेलं काम आता तू फोनवर एका बोटाने करतोस.

नाही म्हणायचा हक्क तुला आहेच. समोरच्या बाईचं बोलणं, हसणं, स्वभाव नाही पटला, खुशाल नाही म्हण. पण आधी बघ, मग नाकार. न बघता लाखो बायकांना एका खुणेसरशी बाद करणं याला मी भेदभावच म्हणते. आणि आवड काय आभाळातून पडते? 'गोरी, नाकीडोळी नीटस' वाचत आपण मोठे झालो. लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमला त्वचेच्या रंगाची चाळणी काढायला २०२० उजाडलं, तेही लोकांनी मागणी लावून धरल्यावर.

माझं म्हणशील तर मी स्थळाच्या फॉर्ममध्ये जातीची अट लिहू दिली नाही. आई महिनोन् महिने धुसफुसत होती. शेवटी नवरा जातीतलाच निघाला, यावरून बहिणी अजून टोमणे मारतात. मारोत! मी वेगवेगळ्या घरची मुलं भेटले, बोलले, मग हा निवडला. जातीबाहेरचा केला असता तरच माझं म्हणणं खरं ठरलं असतं, हे मला मान्य नाही. दार उघडं ठेवलं होतं, एवढं मला पुरतं. तुला ते पळवाट वाटत असेल तर वाटो.

तुला नाकारणाऱ्या त्या मुलीला मात्र वाद घालणारा मेसेज पाठवू नकोस. कुणाला पटवून प्रेम मिळत नाही, आणि तिने तुला भेटावं हा तुझा हक्क नाही. तुझ्या हातात तुझ्याच फोनमधली खूण आहे. ती आजच बदल. 'आईला काय सांगू' हे एवढ्यात विचारू नकोस, अजून तू कुणाला भेटलेलाही नाहीस.

तुझी,
मावशी