ड्यूटीवरून आले की बोलतच नाहीत

"मॅडम, दिवसभर गाडीत एवढ्या लोकांशी बोलतात आणि घरी आले की माझ्याशी एक शब्द नाही. मनात दुसरं काही असेल का?" एसटीतल्या कंडक्टरांच्या बायका हे वरचेवर विचारतात. अशाच एका जोडप्याविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नवऱ्याला एकट्याला बसवून मी फक्त कालची ड्यूटी सांगायला लावली. रात्री मुक्कामी गाडी, झोप गाडीतच. पहाटे पहिली फेरी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. एक आजोबा हटून बसले, पण आधार कार्डावर वय त्र्याहत्तर. म्हणजे अर्धं तिकीट, आणि त्यावरून अर्धा तास टोमणे. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं तिकीट झालं, गर्दी वाढली, सुट्ट्या पैशांवरून वादही. तपासणीला कुणी चढलं आणि विनातिकीट प्रवासी सापडला तर जाब यांनाच. संध्याकाळी डेपोत हिशेब. रोकड कमी भरली तर भरपाई खिशातून. "आवाज चढवायची सोय नाही, लगेच कुणीतरी मोबाइल काढतं," ते म्हणाले.

मग मी वहिनींना विचारलं, सुट्टीच्या दिवशी कसे असतात? "दुपारी झोपून उठले की पोरांशी पत्ते खेळतात." माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. राग गिळून आलेला माणूस होता तो. संसारातून मन उडालेला नव्हे.

पण वहिनींचंही खरं होतं. मुक्कामीच्या दिवशी पोरं, सासूबाईंची औषधं, सिलिंडर सगळं एकटीवर, म्हणून ते दारात दिसताच प्रश्नांची यादी सुरू व्हायची. ठरलं असं: अंघोळ, चहा आणि अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. त्यानंतर बोलायला सुरुवात त्यांनीच करायची. (पहिला भाग नवऱ्यांना फार आवडतो, दुसरा सोयीने विसरतात.) वहिनींनी त्यांच्या ड्यूट्या कालनिर्णयवर लिहायला घेतल्या, पैशांचे विषय सुट्टीच्या दिवसावर ढकलले. मुक्कामीहून आल्यावर अजूनही बोलणं होत नाही, बाकी दिवशी बरंच होतं.

सुट्टीच्या दिवशीही गप्प, झोप उडालेली, रोजची दारू किंवा "जगून काय करायचं" अशी भाषा असेल, तर मात्र घरगुती तडजोडीवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.