पश्चिम ऑस्ट्रेलियाने मूळनिवासींच्या वारसा संरक्षणाचा नवा कायदा पाच-सहा आठवड्यांतच का मागे घेतला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. रिओ टिंटो या खाण कंपनीने २०२० साली मूळनिवासींच्या प्राचीन जूकान गुहा सुरुंगाने उडवल्यावर खास आणलेला कायदा सरकारने स्वतःच रद्द केला तो शेतकऱ्यांच्या दबावामुळे का, आणि आता तिथल्या मूळनिवासींच्या हाती काय उरलं. दबाव होता, आणि मोठा होता. पण कायदा कोसळला त्याचं मूळ कारण वेगळं आहे: तो चालवणारी यंत्रणा गावोगावी उभी राहण्याआधीच तो लागू केला गेला. आणि त्या गदारोळात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला. एखादं स्थळ राहणार की जाणार, हे शेवटी कोण ठरवणार? जुन्या कायद्यात मंत्री ठरवत होते. रद्द झालेल्या नव्या कायद्यातही, वाद मिटला नाही तर, मंत्रीच ठरवणार होते.

आधी जुना कायदा समजून घ्या, कारण आज पुन्हा तोच लागू आहे. तो १९७२चा. त्याच्या कलम १७नुसार मूळनिवासींचं वारसास्थळ खोदणं, बिघडवणं, नष्ट करणं हा गुन्हा. लगेच पुढे कलम १८. जमिनीच्या मालकाने अर्ज करायचा, सरकारने नेमलेली समिती शिफारस करणार आणि मंत्री 'समाजाचं व्यापक हित' पाहून संमती देणार. खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे तोही इथे मालकच समजला जातो. संमती मिळाली की कलम १७चा गुन्हा उरत नाही. मंत्र्यांचा निर्णय पटला नाही तर मालकाला राज्याच्या न्यायाधिकरणात दाद मागता येत होती. ज्यांच्या पूर्वजांची ती जागा, त्यांना मात्र तो मार्गच नव्हता. आणि एकदा दिलेली संमती, पुढे जमिनीखालून काहीही निघालं तरी, मागे घेण्याची तरतूद नव्हती.

जूकानमध्ये नेमकं हेच घडलं. राज्यातल्या पिलबारा भागातल्या ब्रॉकमन-४ या लोहखनिजाच्या खाणीसाठी रिओ टिंटो कंपनीला २०१३ साली कलम १८ची संमती मिळाली. पुढच्याच वर्षी तिथे उत्खनन झालं आणि कळलं की या गुहांमध्ये माणसाचा वावर सुमारे ४६,००० वर्षांपासून आहे. कांगारूच्या हाडापासून केलेलं सुमारे २८,००० वर्षांपूर्वीचं हत्यार मिळालं. माणसांच्या केसांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी मिळाली, आणि डीएनए तपासणीत तिचं नातं तिथल्या आजच्या पुटू कुंती कुरामा आणि पिनिकुरा या मूळनिवासी लोकांशी जुळलं. म्हणजे उत्खननात त्या लोकांच्या थेट पूर्वजांचे केस हाती आले होते. २०१३च्या संमतीवर याचा काहीही परिणाम झाला नाही. कंपनीकडे खाणीच्या आखणीचे असे पर्यायही होते ज्यात गुहा वाचल्या असत्या. ते या लोकांना कधी सांगितलेच गेले नाहीत. मे २०२० मध्ये त्यांनी जुलैतल्या सोहळ्यासाठी गुहांपाशी जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा सुरुंग भरणं सुरू झाल्याचं त्यांना कळलं. कंपनीबरोबरच्या करारातल्या अटींनी जाहीरपणे बोलायला, तातडीने दाद मागायला त्यांचे हात बांधलेले होते. २४ मे २०२० रोजी स्फोट झाला. तो पूर्णपणे कायदेशीर होता. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यासह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं, ते गुंतवणूकदारांच्या आणि जनतेच्या संतापामुळे. कायद्याने त्यांना हात लावला नाही.

त्यातून डिसेंबर २०२१ मध्ये नवा कायदा संमत झाला. दंड जबर वाढवले: गंभीर हानीसाठी व्यक्तीला १० लाख डॉलरपर्यंत, कंपनीला १ कोटी डॉलरपर्यंत. कामांचे तीन स्तर पाडले. पहिल्या स्तरात जमिनीला जेमतेम धक्का लावणारी कामं. त्यात आधी खातरजमा करायची, मंजुरी नको. दुसऱ्या स्तरात वारसा परिषदेचा परवाना. तिसऱ्या स्तरात, म्हणजे मोठं खोदकाम किंवा खाणकाम असेल तर, स्थानिक मूळनिवासींच्या संस्थेशी बोलून व्यवस्थापन आराखडा तयार करायचा. ११०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळपास ११ गुंठ्यांपेक्षा लहान घरगुती भूखंड यातून वगळले होते. आधीपासून चालू असलेली शेती, जुन्या जागीच होणारी दुरुस्ती यांनाही सूट होती.

या कायद्यावर पहिली टीका शेतकऱ्यांची नव्हती, ती मूळनिवासींची होती. एकमत झालं नाही तर निर्णय मंत्र्यांकडेच जातो, मग बदललं काय, असं ते विचारत होते. विधेयक संमत होण्याआधीच, २०२१ मध्ये, त्यांच्यातल्या काहींनी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीकडे दाद मागितली होती. पुढे 'मूळनिवासींना हवा असलेला कायदा शेतकऱ्यांनी हाणून पाडला' असं सरसकट लिहिलं गेलं. हा इतिहास पाहता ते चूक आहे.

१ जुलै २०२३ला कायदा लागू झाला, आणि गडबड नेमकी कुठे झाली ते पाहा. तिसऱ्या स्तरातल्या बोलणीसाठी प्रत्येक भागात एक स्थानिक वारसा सेवा नेमलेली असायला हवी होती. बहुतेक भागांत ती त्या दिवशी नेमलेलीच नव्हती. या संस्था लहान, माणसं मोजकी, आणि पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलेले लोक राज्यात आधीच कमी. त्यांच्यावर एका दिवसात खाणी, नगरपालिका, रस्ते आणि शेतं यांचं ओझं येणार होतं. नियम आणि मार्गदर्शिका लोकांच्या हाती जेमतेम काही महिने आधी पडल्या होत्या. माहितीसत्रांना माणसं मावेनात. गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता: माझ्या शेतात नवं तळं खणायचं तर मी कोणाला फोन करू, किती दिवस थांबू, पैसे किती मोजू? याचं सरळ उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि चूक झाली तर समोर १० लाख डॉलरचा आकडा. पहिलं पाऊल खातरजमेचं आहे आणि वारशाला हानी होण्याची शक्यताच नसेल तर परवाना लागत नाही, ही गोष्ट भीतीच्या वातावरणात लोकांपर्यंत पोचलीच नाही. अंमलबजावणी सहा महिने पुढे ढकला, या मागणीच्या अर्जावर सुमारे ३०,००० सह्या झाल्या होत्या. सरकारने ती मानली नाही. तेव्हाच मानली असती तर कायदा कदाचित वाचला असता, असं मला वाटतं.

दुसरा दोष रचनेतला. खाण कंपनीकडे वारसा विभाग असतो, वकील असतात, वेळ असतो. तीच चौकट ५० एकरवाल्यावर घातली की त्याला तो जाच वाटणारच. जूकानचा स्फोट कोणा शेतकऱ्याने केला नव्हता. आधी खाणी आणि मोठे प्रकल्प, मग टप्प्याटप्प्याने बाकीचे, असा क्रम लावणं शक्य होतं.

त्यात राजकारणाची वेळ वाईट. संसदेला सल्ला देणारी मूळनिवासींची संस्था घटनेत आणावी का, यावर १४ ऑक्टोबर २०२३ला देशभर सार्वमत होणार होतं. विरोधक सांगत होते, पश्चिम ऑस्ट्रेलियात जे चाललंय ते उद्या सगळीकडे होईल. जूनमध्येच मुख्यमंत्रिपदावर आलेले रॉजर कुक यांनी ८ ऑगस्टला माफी मागत कायदा मागे घेण्याची घोषणा केली. तो फार किचकट झाला, सामान्य मालकांवर नको तेवढा भार पडला, असं त्यांचं म्हणणं. सार्वमत सहाही राज्यांत फेटाळलं गेलं. १५ नोव्हेंबर २०२३पासून १९७२चा कायदा काही दुरुस्त्यांसह परत आला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. दुरुस्त्या किरकोळ नाहीत. कलम १८च्या निर्णयावर आता नेटिव्ह टायटलधारकांनाही, म्हणजे ज्यांचा त्या भूमीवरचा परंपरागत हक्क मान्य झाला आहे त्यांनाही, न्यायाधिकरणात जाता येतं. संमतीनंतर नवी माहिती उजेडात आली तर ती कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि मंत्री संमती बदलू किंवा रद्द करू शकतात. ही एक तरतूद २०१४ साली असती तर जूकानची फाइल पुन्हा उघडता आली असती. समितीवर आता मूळनिवासींचं बहुमत आहे. मात्र राज्याच्या हिताचं कारण देऊन न्यायाधिकरणातलं प्रकरण मुख्यमंत्री स्वतःकडे घेऊ शकतात. आणि दंड? कंपनीला पहिल्या गुन्ह्यासाठी जुनाच, ५०,००० डॉलर. लोहखनिजाच्या धंद्यात ही रक्कम कोणाला थांबवणार? मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोललं गेलं.

असा कायदा चालूच शकत नाही, हे म्हणणं मात्र मान्य करू नका. व्हिक्टोरिया राज्यात २००६चा कायदा २००७पासून चालू आहे. तिथे आराखडा लागण्यासाठी दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: जागा संवेदनशील हवी (उदाहरणार्थ नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आत) आणि काम मोठ्या परिणामाचं हवं. एखाद्-दुसरं घर बांधणाऱ्याला आराखडा लागत नाही. आराखडा मंजूर करायचा की नाही हे त्या भागातली नोंदणीकृत मूळनिवासी संस्था ठरवते, आणि नकाराविरुद्ध न्यायाधिकरण आहे. खर्च आणि विलंबाच्या तक्रारी तिथेही आहेत, विशेषतः मेलबर्नच्या वाढत्या उपनगरांत. पण नकाशा पाहून मालकाला आधीच अंदाज येतो, आणि पहिला निर्णय मंत्र्यांच्या टेबलावर होत नाही.

अंतिम शब्द स्थानिकांना देण्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही. अर्थात 'स्थानिक' म्हणजे नेमके कोण, हा पेच सोपा नाही. न्यू साउथ वेल्समध्ये ब्लेनीजवळच्या सोन्याच्या खाणीचं पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री तान्या प्लिबर्सेक यांनी १९८४च्या केंद्रीय कायद्याखाली बेलुबुला नदीच्या उगमाकडचा भाग संरक्षित केला. मागणी विरजुरी या मूळनिवासी समाजातल्या एका गटाची होती, तर तिथल्या मूळनिवासी भूमी परिषदेचा खाणीला विरोध नव्हता. मंत्र्यांनी कोणाचं ऐकायचं, यावरून संसदेत जुंपली. जूकानच्या संसदीय चौकशीने ऑक्टोबर २०२१ मध्ये मूळनिवासींबरोबर बसून नवा केंद्रीय कायदा करावा असं सुचवलं होतं. अशा कायद्यात कोण बोलणार हे आधीच ठरलेलं असावं.

पर्थच्या आसपास जमीन घेणारे मराठी वाचकही हे वाचत असतील, म्हणून व्यवहाराचं सांगतो. खोदकामाआधी राज्य सरकारच्या वारसा नोंदवहीचा ऑनलाइन नकाशा मोफत पाहता येतो. आपला भूखंड शोधा आणि त्या तारखेची प्रत जपून ठेवा. स्थळ दिसलं तर आधी घराची किंवा तळ्याची जागा सरकवता येते का बघा, बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं. नाहीच जमलं तर तिथल्या नेटिव्ह टायटल संस्थेशी बोला आणि मगच कलम १८चा अर्ज करा. संस्थेशी न बोलता केलेले अर्ज रखडतात. नकाशावर काही दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका: राज्याच्या फार मोठ्या भागाचं सर्वेक्षणच झालेलं नाही, आणि नोंद नसलेल्या स्थळालाही कलम १७ लागू होतं. खोदताना दगडी हत्यारं, शिंपल्यांचा थर असं काही निघालं तर काम थांबवून वारसा विभागाला कळवा. हाडं माणसाची वाटली तर पहिला फोन पोलिसांना करा, आणि काहीही जागचं हलवू नका.