पुरात वाहून गेलेल्या जनावरांची मदत : पंचनामा कसा पक्का करायचा

दादा, तुमचं म्हणणं असं की सप्टेंबर २०२५ च्या सीना नदीच्या पुरात दोन गाई दावणीलाच मेल्या, म्हैस आणि गाभण कालवड वाहून गेली, आणि सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, सांगतात, "मेलेलं जनावर दिसलं तरच नोंद, अन् तसंही तीनच्या वर मिळत नाही."

तीनचं आधी मिटवू. आपत्ती निधीच्या निकषात एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं तीनच, ही अट आहेच. पण ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करताना राज्य सरकारने ती काढली. त्यामुळे पंचनाम्यात चारही जनावरं आली पाहिजेत. "तीनच लिहा, बाकीचं नंतर बघू" याला अजिबात तयार होऊ नका. पंचनाम्यात नाही ते पुढे यादीत येत नाही.

या पुरासाठी दर ठरलेले आहेत. दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या पुढे जाते, तेव्हा या पैशात नवी येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच जनावर कुठल्या रकान्यात बसतं याला महत्त्व. तुमची कालवड सरळ "वासरू" म्हणून लिहिली जाईल. रेतन केल्याची पावती किंवा डॉक्टरांकडची नोंद असेल तर "गाभण, इतके महिने" असं पंचनाम्यातच लिहून घ्या. दुधाळचा दर मिळेलच असं नाही, पण नोंदच नसेल तर भांडायलाही जागा राहत नाही.

आता वाहून गेलेल्यांचं. मेलेलं जनावर समोर नाही म्हणजे शवविच्छेदन नाही, एवढंच. मग जनावर तुमच्याकडे होतं हे दुसऱ्या कागदांनी दाखवायचं. सगळ्यात भक्कम पुरावा कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा. त्यावरचा १२ अंकी नंबर टाकला की पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकाचं नाव आणि लसीकरण निघतं. त्याची प्रत सही-शिक्क्यानिशी मागा. इथे एक गोम असते: बिल्ला बऱ्याचदा वडिलांच्या नावावर मारलेला असतो आणि अर्ज मुलाचा. तसं असेल तर रेशनकार्ड जोडा आणि घरातल्या इतरांचं संमतीपत्र द्या, नाहीतर फाईल तिथेच अडते. शिवाय डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या बिलात पुरानंतर म्हशीचं दूध एकदम बंद झालेलं दिसतं. माझ्या मते ते बिल शेजाऱ्याच्या जबाबापेक्षा जास्त बोलतं. तरी दोन शेजारी आणि पोलीस पाटील यांच्या सह्या पंचनाम्यावर हव्यातच.

मेलेल्या दोन गाई पुरल्या असतील तर पुरण्याआधीचे, बिल्ल्याचा नंबर वाचता येईल असे फोटो शोधा. घरात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये निघतात.

बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही बघून घ्या. यादी मंजूर होऊनही यावरून पैसे परत जातात.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ऐकतच नसतील तर त्यांच्याशी हुज्जत घालत बसू नका. तहसीलदारांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा, चारही जनावरांचे बिल्ले नंबर टाका, आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.