बेळगावजवळच्या खानापुरात घराच्या खिडक्यांना ३०४ स्टीलची सेफ्टी जाळी चालेल की ३१६च घ्यावी?

तुम्ही लिहिलंय, शेजारच्यांची 'स्टेनलेस' जाळी दोन पावसाळ्यांत तांबूस झाली, म्हणून ३०४ ऐवजी ३१६ ही स्टेनलेस स्टीलची महागडी ग्रेड घ्यावी का? माझ्या मते नको. अस्सल ३०४ घ्या आणि बसवणाऱ्यावर लक्ष ठेवा.

३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या वाऱ्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात, ते त्यानं आटोक्यात राहतं. कारवारला घर असतं तर मीच ३१६ चा हट्ट धरला असता. खानापुरातला पाऊस कितीही झोडपू दे, शेवटी गोडं पाणी; जाळी धुऊनच निघते.

शेजाऱ्यांची जाळी बहुतेक २०२ ग्रेडची असणार. तिच्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि '३०४' म्हणून ती सर्रास खपते. चुंबक लावून बघा म्हणतात, त्या नादाला लागू नका. २०२ लाही चुंबक धड चिकटत नाही, आणि ३०४ ची तार ओढून बारीक केलेली असल्यानं तीच कधी कधी थोडी चिकटते! बिलावर ग्रेड लिहून घ्या, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

पण अस्सल मालही बिघडतो, हे मी बेळगावात टिळकवाडीत स्वतःच्या घरी बघितलं. जाळी बसली आणि मग वेल्डरनं तिच्याशेजारीच लोखंडी ग्रिल ग्राइंडरनं कापलं. पहिला वळीव पडला आणि दोन दिवसांत मिरपूड उधळल्यासारखे तपकिरी ठिपके, तेही फक्त ग्राइंडरकडच्या अंगाला. गंज जाळीचा नव्हताच, ठिणग्यांबरोबर येऊन चिकटलेल्या लोखंडाच्या कणांचा होता. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यानं नायलॉनचा ब्रश मारून गेला. तारेच्या घासणीनं घासला असता तर आणखी लोखंड चिकटलं असतं. तेव्हा ग्रिलचं काम आधी उरका, जाळी शेवटी. फरशी ॲसिडनं धुणार असाल तर तेही आधीच, कारण त्या ॲसिडच्या नुसत्या वाफेनंही स्टेनलेस डागाळतं.

स्क्रूही स्टेनलेसचेच मागा. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) चार पैसे स्वस्त पडतात, पण एवढ्या मोठ्या स्टेनलेस जाळीला टेकलेला एवढासा जीआय स्क्रू ओल लागली की लवकर गंजतो आणि खाली तांबडे ओघळ उतरतात. चौकट ॲल्युमिनियमची असेल तर जाळी आणि चौकटीच्या मध्ये रबराची पट्टी घालायला लावा, नाहीतर कडेला ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते. ही पट्टी कारागीर हमखास विसरतात.