चित्रकार आजोबांची पत्रं, प्रवासातल्या वह्या, तिकिटं एका पेटीत आहेत. विषयवार लावू का?

नाही, आहे तो क्रम अजिबात मोडू नका. अभिलेखागारांत मूळ क्रम जपणं हा पायाभूत नियम असतो, कारण कागदाचं शेजारपणच बरंच सांगून जातं. रेखाटनवहीत अडकलेलं रेल्वेचं तिकीट त्या पानाची तारीख आणि गाव ठरवू शकतं. तिकिटं वेगळ्या पाकिटात गेली की तो धागा कायमचा तुटतो. देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराच्या १८३२ च्या मोरोक्को प्रवासातल्या वह्यांत चित्रं आणि टिपणं एकाच पानावर आहेत, म्हणूनच त्या इतक्या मोलाच्या.

आधी आहे त्या स्थितीत फोटो काढा. मग कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलका क्रमांक घाला. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड काढा, कागद आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी नकोच, ते नुकसान सहसा भरून येत नाही.

अपवाद एकच: बुरशी किंवा कसर लागलेले कागद आणि वर्तमानपत्रांची कात्रणं (त्यांतलं आम्ल शेजारच्या पानावर डाग पाडतं) बाजूला काढावीच लागतात. पण त्यांच्या जागी ‘इथे काय होतं’ अशी चिठ्ठी ठेवा. कोळशाची किंवा पेस्टलची रेखाटनं असतील तर त्यांवर दाब पडू देऊ नका.