क्लाउडवर जाण्याआधी

कार्यालयांची ईमेल आणि फाइली स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या, सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) हलवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी एवढे ध्यानात घ्यावे की मायक्रोसॉफ्टने २०११ साली ऑफिस ३६५ ही ईमेल व ऑफिस प्रोग्रॅमांची क्लाउड सेवा आणली, तेव्हा विकायची वस्तूच बदलली; एकदाच घेतलेल्या परवान्याच्या जागी दरमहा किंवा दरवर्षी भरायचे शुल्क आले. जुन्या सर्व्हरवरचे मेलबॉक्स हलवणे तसे सोपे असते. खरी कसोटी डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांच्या नोंदवहीतील) एमएक्स नोंद, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायची हे सांगणारी नोंद, बदलताना लागते; म्हणून तिचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरांनी जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, दोन दिवस आधीच कमी करून ठेवा. (माझ्या पहिल्या स्थलांतरात हे राहून गेले आणि सोमवारची निम्मी पत्रे जुन्याच सर्व्हरवर उतरत राहिली.) क्लाउड म्हणजेच बॅकअप, असे मात्र समजू नका, कारण शेअरपॉइंटमधून (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील सामायिक फाइलींच्या जागेतून) पुसलेली फाइल एरवी ९३ दिवसांनी कायमची जाते. नोकरी सोडून गेलेल्यांचे परवाने काढून घेण्यापूर्वी त्यांच्या मेलबॉक्सचे काय करायचे, हे मालकांकडून लेखी घ्या.