बकेटचे दात आणि लोकांचे दात

"मॅडम, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही."

महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम आमच्या कराडच्या बाजूला सुरू झाल्यापासून समुपदेशक म्हणून हे वाक्य मी खोदकामाच्या यंत्रावरच्या किती नवशिक्या ऑपरेटरांच्या तोंडून ऐकलं, याची मोजदाद सोडली आहे. पोरं बहुतेक माण-खटावकडची. दोन-तीन वर्षं हेल्परकी केलेली, म्हणजे पिनांना ग्रीस मारायचं, डिझेल भरायचं, उस्तादाचा डबा आणायचा. मग एक दिवस उस्ताद गावी जातो आणि पोराला सीटवर बसवतात. शिकवणं असं वेगळं काही नसतंच.

त्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय 21. पोकलेनवर बसून दीड महिना झालेला. (पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, ते पोकलेनच.) चर खणताना याच्या हातून गावच्या नळयोजनेची पाइपलाइन फुटली. गावाला दोन दिवस पाणी नाही, बायका कळश्या घेऊन साइटवर, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढलेला. पगारातून पैसे कापले ते वेगळेच. तेव्हापासून लिव्हरवर हात ठेवला की थरथर. रात्री झोप नाही. बरोबरचे म्हणाले, एक क्वार्टर मार, हात थांबतो. आईनं ते ऐकलं आणि त्याला थेट माझ्याकडे आणलं.

"तुझी काही चूक नाही रे" असं मी अशा वेळी म्हणत नाही. समोरच्याला ते खोटं वाटतं आणि बहुतेकदा ते खोटंच असतं. मी कागद पुढे केला. "चुकीचा सातबारा काढू. कुणाकुणाची नावं लागतात?"

त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. हिस्सा, सोळा आणे.

"लाइन कुठून जाते, कोण म्हणालं होतं?"

"सुपरवायझर. म्हनला, रस्त्याच्या पलीकडनं हाय, तू खण."

"आधी हातानं खड्डा घेऊन बघितला होता?"

"कुणीच न्हाई."

"हेल्पर कुठे होता?"

"चहाला धाडलेला."

एकेक नाव चढत गेलं. शेवटी त्याच्या वाट्याला चार आणे उरले. मी म्हटलं, आता हे चार आणे नेमके कशाचे? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बकेट अडकल्यागत झालं हुतं. मला कळलं हुतं. तरी वढलं."

हे चार आणे त्यानं स्वतः मोजून घेतले, याचं मला समाधान वाटलं. पण हात काही थांबला नाही. दोन बैठका मी पाइपलाइनभोवतीच फिरत होते. पुन्हा अपघात होईल या भीतीनं तो गारठलाय, असं मी धरून चालले होते. ते चुकीचं होतं.

तिसऱ्या वेळी मी टेबलावर दोन पेनं उभी धरली आणि म्हटलं, मला शिकव. त्याचा चेहरा खुलला. "डावीकडच्यानं मशीन गरागरा फिरतं, आर्म लांब-जवळ हुतो. उजवीकडच्यानं बूम वर-खाली आणि बकेट." पेनं त्याच्या हातात दिली. डोळे मिटून त्यानं मातीचा एक अख्खा घास उचलला, फिरला आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात ओतला. हात तसूभरही हलला नाही.

"इथे थरथर का नाही?"

"हितं कोन बघतंय?"

"साइटवर खणताना नजर कुठे असते तुझी?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. खिडकीबाहेर बघत राहिला. मी बोलले नाही. या धंद्यात वीस वर्षांत मी एवढं एक शिकलेय, की अशा वेळी आपण तोंड उघडायचं नसतं. मग तो हळूच म्हणाला, "बकेटच्या दातांवर नसती, मॅडम. लोकं दात काढतील, त्यावर असती." आणि स्वतःच खुदकन हसला.

अडकलेली बकेट त्यानं का ओढली होती? मागे चौघं उभे होते. थांबलो तर म्हणतील, ह्याला येत नाही. पाइप त्यामुळेच फुटला आणि हातही त्याच कारणानं थरथरत होता. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात जे बोलतो त्यानं माणूस जास्त खचतो, हे माझं जुनं मत. पण इतक्या नेटक्या शब्दांत ते मला कधी मांडता आलं नव्हतं.

म्हणून नव्यानं सीटवर बसणाऱ्यांना मी आता सांगते, भीती घालवू नका. 20 टनांचं यंत्र आहे, त्याला न भिणाऱ्या माणसाच्या आसपास मी तरी उभी राहणार नाही. फक्त भीती यंत्राची असू द्या, बघ्यांची नको. खणण्याआधी पाणी, वीज, केबल कुठून जाते हे चारचौघांत मोठ्यानं विचारा. हेल्पर कडेला दिसत नसेल तर बकेट टेकवा आणि थांबा. हाताला काही वेगळं लागलं तर खाली उतरून बघा. मुरलेले उस्तादही उतरतात, फक्त ते कुणी बघत नाही. दारूनं हात थांबतो हे खरं, पण त्याबरोबर अंदाजही थांबतो. वर्षभरात 90 दिवस काम भरलं असेल तर बांधकाम कामगार म्हणून सरकारी मंडळात नोंदणी करून घ्या. आणि झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 या सरकारी नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आयांनो, तुम्हालाही एक सांगते. "शेजारचा बघ कसा चालवतो" हे वाक्य घरात नको. साइटवर ते दिवसभर ऐकूनच तो आलेला असतो.

शेवटच्या वेळी तो कामावरून थेट आला, नखांत ग्रीस तसंच. म्हणाला, "काल बकेट अडकलं. थांबवलं मशीन. मुकादम वरडाय लागला. तरी उतरलो."

"मग? काय निघालं?"

"बाभळीचं खोड."

"लोक हसले?"

"हसले की. मी पन हसलो."